१८९५ च्या शिपायांना शिळेवर जागा द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नियोजित बंड स्मारक समिती, सत्तरी

महोदय,

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात उभ्या राहणाऱ्या स्मारकावर कोरायचा मजकूर आपल्या समितीने नक्की केला. त्याची प्रत माझ्या हाती आली आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचली. १८५२ चं दिपाजी राणे यांचं पोर्तुगिजांविरुद्धचं बंड त्यात आहे. नाणूसचा किल्ला आहे. १८९५ चं दादा राणे यांचं बंड आहे. हे सगळं असायलाच हवं. राण्यांच्या बंडांच्या गोष्टी ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या, त्यांचं स्मारक होतंय याचा आनंद सत्तरीतल्या कुठल्याही घराइतकाच माझ्या घराला आहे.

पण १८९५ चं बंड ज्यांनी सुरू केलं ते पणजीच्या बराकीतले मराठा शिपाई त्या मजकुरात कुठेच नाहीत. पहिल्या मसुद्यात त्यांच्याविषयी दोन ओळी होत्या. त्या बैठकीत काढून टाकल्या असं मला समितीतल्याच एका सदस्यांनी सांगितलं. हा निर्णय मला मान्य नाही. कागदावरची चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते, दगडावरची नाही. म्हणून छिन्नी लागायच्या आत हे लिहितो आहे. उघड पत्र लिहितो आहे, कारण हा विषय समितीच्या खोलीपुरता नाही. गोव्यात ज्या ज्या घरातून एखादा माणूस पलटणीत गेला, त्या प्रत्येक घराचा तो आहे.

ज्यांना १८९५ ची हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या वर्षी पोर्तुगालचं मोझांबिकच्या दक्षिणेत युद्ध चालू होतं. गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना पोर्तुगिजांना जुमानत नव्हता. त्याला नमवण्यासाठी लिस्बनहून फौजा गेल्या होत्या, आणि गोव्यातल्या देशी पलटणीतूनही माणसं धाडायची असा हुकूम पणजीत आला. शिपायांनी जायला नकार दिला. बायकामुलं मागे टाकायची, किती काळासाठी ते माहीत नाही, मागे त्यांच्या पोटाची सोय काय तेही नक्की नाही, आणि समुद्र ओलांडून आल्यावर जातीत घेतील का हा घोर वेगळाच. त्यांची गाऱ्हाणी कुणी मनावर घेतली नाहीत. सप्टेंबर १८९५ च्या मध्याला ते हत्यारांसकट पणजीतून बाहेर पडले आणि सत्तरीत आले. इथे दादा राणे आणि त्यांची माणसं त्यांना मिळाली. मग बंड इतकं पेटलं की पोर्तुगालच्या राजाला, दों कार्लुशला, आपला सख्खा भाऊ दों आफोंसु याला फौज देऊन गोव्यात पाठवावं लागलं.

हा क्रम नीट पाहावा. राण्यांनी बंड केलं आणि शिपाई त्यात सामील झाले असं घडलेलं नाही. नकार आधी बराकीतून आला. आपल्या मजकुरात मात्र बंड सत्तरीच्या डोंगरात आपोआप उगवल्यासारखं दिसतं.

आता माझा या सगळ्याशी संबंध काय ते सांगतो. माझे पणजोबा त्या शिपायांपैकी एक होते. आमच्या वाड्यावर आमच्या घराला आजही शिपायागेर, म्हणजे शिपायाचं घर, म्हणतात. घरात त्यांची दोन चिन्हं उरली आहेत. एक पितळी बटण, ज्याच्यावरचं चिन्ह झिजून सपाट झालं आहे. दुसरा चांदीचा एक रुपया, १८८२ चा, एका बाजूला राजा दों लुईशचा चेहरा. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्यातलं चलन इंग्रजी रुपयाच्या वजनाचं झालं आणि हे रुपये कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. शिपायाचा पगार याच रुपयांत मिळायचा. माझ्या आजीने तो देव्हाऱ्यात ठेवला होता. दर सणाला चिंचेने घासून घासून राजाचं नाक नाहीसं झालं आहे, दाढी तेवढी ओळखू येते. कडेला एक बारीक भोक आहे, कुणीतरी कधीतरी तो गळ्यात बांधला असावा. पणजीच्या नोकरीतून घरी आलेलं आणि मोडून न खाल्लेलं हे एकच नाणं.

पणजोबांनी बंडाबद्दल फारसं बोलून ठेवलं नाही. जे आजोबांना सांगितलं ते असं. हुकूम वाचून दाखवला तेव्हा तो पोर्तुगीजमध्ये होता, अर्धा कळला, अर्धा नंतर दुभाष्याने सांगितला. पहिला प्रश्न एका पोरसवदा शिपायाने विचारला: माझी आई एकटी आहे, तिला महिन्याला काय मिळणार? उत्तर मिळालं नाही. पणजोबा म्हणायचे, त्या पोराला उत्तर मिळालं असतं तर कदाचित निम्मे लोक गेले असते. पुढे पायी चालत रात्रीचा प्रवास, पावसाळा सरत आलेला, म्हादईला पाणी, रानात जळवा, आणि खांद्यावर काडतुसांचं ओझं. बंड मोडल्यावर ते काही वर्षं घरी आलेच नाहीत. आले तेव्हा एका पायाने लंगडत आले. मरेपर्यंत पुन्हा पणजी पाहिली नाही.

भाद्रपदात आमच्याकडे म्हाळ घालतात त्या दिवशी एक पान जास्तीचं वाढलं जातं. ते पणजोबांच्या सोबत्यांसाठी, जे रानात किंवा तुरुंगात मेले आणि ज्यांच्या घरी निरोपसुद्धा गेला नाही. पणजोबांना त्यांची नावं पाठ होती. आजोबांना काही आठवत होती. वडिलांना फक्त गावं सांगता येत होती. मला तीही येत नाहीत. आम्ही पान वाढतो आणि नुसतं 'सोबत्यांचं' म्हणतो. समितीने त्या दोन ओळी काढल्याचं कळलं तेव्हा मला सगळ्यात आधी ते पान आठवलं.

ओळी काढण्याची कारणं मला तोंडी सांगण्यात आली. लेखी काही मिळालेलं नाही. जशी कानावर आली तशी ती घेतो.

पहिलं कारण म्हणे, हे शिपाई पोर्तुगिजांचे पगारी नोकर होते, त्यांना बंडखोरांच्या पंक्तीत कसं बसवायचं. हे कारण ऐकून मला वाईट वाटलं, रागही आला. महोदय, १८५७ मध्ये मीरतहून दिल्लीला गेलेले शिपाई कुणाचा पगार खात होते? कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला उठलेली २७ वी पलटण कंपनीचीच होती. १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात ज्या नौसैनिकांनी इंग्रजांचा झेंडा उतरवला ते इंग्रजांच्याच नौदलाच्या भाकरीवर होते, आणि त्यांचं भांडण तर त्या भाकरीच्या दर्जावरूनच सुरू झालं. कुलाब्यात आज त्यांचं स्मारक आहे. पगारी माणसाने नकार देणं हे बिनपगारी माणसापेक्षा जड असतं. रानातला माणूस बंड करतो तेव्हा त्याच्या हाती आधीच काही नसतं. शिपाई नकार देतो तेव्हा महिन्याचा रुपया जातो, डोक्यावर कोर्ट मार्शल येतं आणि घरच्यांच्या मागे पोलीस लागतात.

आमच्या प्रांतातला माणूस पलटणीत का जात होता हेही लक्षात घ्यावं. सत्तरी, डिचोली, पेडणे हे सगळे नव्या काबिजादीतले तालुके, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात आलेले. जमीन मोकासदाराची नाहीतर देवस्थानाची, पोटाला एक पावसाळी पीक आणि कुमेरी, म्हणजे डोंगरावर रान जाळून केलेली फिरती शेती. ज्याच्या घरी तीन भाऊ आणि एक नांगर, त्यातला एक पलटणीत जायचा. फिरंग्याच्या प्रेमाने कुणी गेलं नाही.

याच कारणाची एक दुसरी बाजू आहे. ती मी लपवणार नाही, आणि समितीनेही लपवू नये. गोव्याच्या देशी पलटणीतल्या शिपायांनी पोर्तुगिजांच्या बाजूने गोळ्याही झाडल्या आहेत. १८५२ ते १८५५ दिपाजी राणे लढत होते तेव्हा त्यांच्यावर चालून गेलेल्या फौजेत आपलीच माणसं होती. हे खरं आहे आणि कडू आहे. पण याच शिपायांची पिढ्यान्‌पिढ्या धुमसही चालू होती. १८७० मध्ये वळवईच्या छावणीत असंतोष उफाळला, लिस्बनहून राजपुत्र आउगुश्तु फौज घेऊन आला आणि १८७१ मध्ये गोव्याचं जुनं सैन्यच मोडून टाकलं गेलं. त्याच्याही आधी १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्व या गोमंतकीयाला प्रशासक नेमलं तेव्हा लष्कराने बंड करून त्याला हाकललं, आणि त्याच्या बाजूच्या शिपायांची गास्पार दियाशच्या किल्ल्यात कत्तल झाली. तो किल्ला आज नाही. मिरामारच्या एका क्लबच्या नावात तेवढा उरला आहे, आणि तिथून रोज संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना तिथे काय झालं ते सांगणारा एक फलकही नाही. एका शतकात गोव्याचा शिपाई तीन वेळा तरी आपल्याच सरकारच्या बंदुकीसमोर उभा राहिला. हा माणूस कसा जगला, कुणासाठी लढला, कधी नाही म्हणाला, हे सगळं गुंतागुंतीचं आहे. गुंतागुंत आहे म्हणून त्याला वगळायचं हा उपाय नव्हे.

दुसरं कारण: त्यांचा नकार स्वातंत्र्यासाठी नव्हता, भत्त्यासाठी होता. मी कुठेही असा दावा करणार नाही की माझ्या पणजोबांना गुंगुन्यानाबद्दल कळवळा होता. त्यांनी त्याचं नाव तरी ऐकलं होतं की नाही देव जाणे. त्यांना घर सोडायचं नव्हतं, एवढंच. पण आपल्या इतिहासात याला उदाहरण आहे. १८२४ मध्ये बंगालात बराकपूरला ४७ व्या पलटणीने ब्रह्मदेशाच्या लढाईवर जायला नकार दिला, कारणं हीच: सामान वाहून न्यायची सोय नाही, भत्ता नाही, समुद्राची भीती. इंग्रजांनी कवायतीच्या मैदानावरच त्यांच्यावर तोफा डागल्या. त्यांच्यातल्या बिंदी तिवारीला फाशी दिली. लोकांनी त्याचं देऊळ बांधलं, ते अजून आहे, आणि तिथे कुणी विचारत नाही की भत्त्यासाठी भांडणाऱ्याला फूल का वाहता. साम्राज्यं दूरच्या लढाया गरिबाच्या अंगावर लढतात. गरीब त्या लढाईला जात नाही म्हणाला की साम्राज्याचा एक हात गळतो, मग त्याच्या मनात काहीही असो. सप्टेंबर १८९५ मध्ये गोव्यातून जाणारी माणसं गेली नाहीत आणि उलट राजाच्या भावाला फौज घेऊन इकडे यावं लागलं. याहून मोठा परिणाम त्या वर्षी गोव्यात दुसऱ्या कुणी घडवला?

गुंगुन्यानाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २८ डिसेंबर १८९५ ला पोर्तुगिजांनी त्याला मोझांबिकमधल्या शैमितला पकडलं, आझोर बेटांवर नेऊन ठेवलं, १९०६ मध्ये तो तिथेच मेला. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर १९८५ मध्ये त्याच्या अस्थी मायदेशी आणून मापुतूच्या किल्ल्यात ठेवल्या गेल्या. तो राजा होता, त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याला शोधून आणता आलं. आमच्या शिपायांना शोधायला कुणी निघालंच नाही.

इथून तिसऱ्या कारणावर येतो: नावं मिळत नाहीत. मग शोधली कुठे? मी समितीच्या सदस्यांना विचारलं, पुराभिलेखात कुणी गेलं होतं का, जुनी सरकारी राजपत्रं कुणी चाळली का. स्पष्ट उत्तर मिळालं नाही. पोर्तुगीज सरकार कागदाचं किती वेडं होतं हे गोव्यात जमिनीचा दावा लढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. पलटणीत माणूस भरती करताना नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण हे लिहून घ्यायची सगळ्याच फौजांची रीत. पळालेल्या शिपायाला शोधायचं तर त्याचं नाव कुठेतरी लिहावंच लागतं. खटला चालवायचा तर लिहावंच लागतं. माफी द्यायची तरी लिहावंच लागतं. गोव्याचं अभिलेखागार १५९५ पासूनचं आहे, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु त्याचा पहिला रखवालदार. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं आहे. लिस्बनमध्ये लष्कराचं वेगळं अभिलेखागार आहे. एवढ्या ठिकाणी एकदाही न जाता 'नावं मिळत नाहीत' असं म्हणता येत नाही.

गोव्यात मेलेल्या परक्या सैनिकांची नावं मात्र शाबूत आहेत. दोना पावलाला, राजभवनाच्या वाटेवर, इंग्रजांचं एक दफनस्थान आहे. १७९९ ते १८१३ या काळात नेपोलियनच्या धास्तीने इंग्रजी फौज गोव्यात तळ देऊन होती, तेव्हाची ती थडगी आणि नंतरचीही काही. नाव, हुद्दा, तारीख, सगळं कोरलेलं. दोनशे वर्षांनंतरही तिथे उभं राहून एखाद्या कप्तानाचं वय वाचता येतं. ते दफनस्थान जपलं जातं हे चांगलंच आहे, मेलेल्या माणसाशी वैर नसतं. पण आमच्या माणसाचं वय सोडा, नावही नाही, हे बोचतंच.

चौथं कारण सगळ्यात छोटं, आणि बहुधा खरं तेच असावं: शिळेवर जागा नाही. प्रमुख पाहुण्यांचं नाव, उद्घाटनाची तारीख, समितीच्या सदस्यांची नावं यांना मसुद्यात जागा आहे. मी ओळी मोजल्या नाहीत, पण नजरेला कळतं. आपल्या गावागावांत वीरगळ उभे आहेत. कदंबांच्या काळातले तर असे आहेत की त्यांवर होड्यांची लढाई कोरली आहे, वल्ही मारणारे हातसुद्धा एकेक करून दाखवले आहेत. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात ते पाहता येतात. लढता लढता मेलेल्या साध्या माणसाला दगडात जागा द्यायची पद्धत आपल्याकडे आठशे वर्षांची आहे, आणि त्या दगडांवर तो घडवून घेणाऱ्या समितीचं नाव नसतं.

पणजीबद्दलही एक बोलायचं आहे, जरी ते आपल्या अखत्यारीत येत नसलं तरी. आझाद मैदानाला लागून असलेली ती लांबलचक इमारत, जिच्यात आज पोलिसांचं मुख्यालय आहे आणि एका टोकाला मिनेझीस ब्रागांझा संस्था, ती मुळात फौजेची बराक. पोर्तुगीज व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रुने १८३० च्या सुमारास पणजी वसवताना बांधून घेतलेली. संस्थेच्या दाराशी पोर्तुगिजांच्या समुद्रसफरीची चित्रं रंगवलेल्या निळ्या फरशा आहेत, पर्यटक त्यांच्यासमोर फोटो काढतात. मीही शाळेची मुलं घेऊन तिथे गेलो आहे. पोर्तुगीज समुद्र ओलांडून कसे आले ते त्या भिंतीवर आहे. पोर्तुगिजांसाठी समुद्र ओलांडायला ज्यांनी नकार दिला त्यांची एक ओळ पणजीत कुठेही नाही. मैदानात शहिदांच्या स्मृतीला हार घालणारे आपण सगळे त्याच बराकीकडे पाठ करून उभे असतो.

आता मागण्या. मी त्या सरळ लिहितो, म्हणजे उत्तरही सरळ देता येईल.

मजकूर कोरण्याचं काम तूर्त थांबवावं आणि काढलेला भाग परत घालावा. शब्द कोणते हवेत असं विचाराल तर माझी सूचना अशी:

'सप्टेंबर १८९५ मध्ये पणजीतील देशी पलटणीच्या मराठा शिपायांनी आफ्रिकेतील युद्धावर जाण्याचा हुकूम नाकारला आणि शस्त्रांसह सत्तरीत येऊन बंड पुकारलं. दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली राणे आणि सत्तरीचे ग्रामस्थ त्यांच्यासोबत लढले.'

एवढंच. विशेषणं नकोत, 'अमर', 'धगधगते' वगैरे काही नको. जागा कमी पडत असेल तर समितीच्या सदस्यांची नावं मागच्या बाजूला घ्यावीत.

शिळेचा एक भाग कोरा ठेवावा. नावं सापडतील तशी तिथे कोरायची. आज दोन सापडली तर दोन, पुढच्या वर्षी दहा.

नावं शोधायला पोर्तुगीज आणि मोडी वाचता येणाऱ्या माणसाला मानधन देऊन नेमावं. पणजीच्या अभिलेखागारापासून सुरुवात करावी, त्या वर्षांची राजपत्रं चाळावीत, आणि लिस्बनच्या लष्करी अभिलेखागाराला सरकारमार्फत रीतसर पत्र पाठवावं. गोव्यात असं काम करू शकणारी माणसं आहेत. त्यांना कुणी विचारत नाही ही अडचण आहे. समितीकडे यासाठी पैसे नसतील तर उद्घाटनाचा मंडप लहान करावा. मी माझ्या पेन्शनमधून वर्गणी द्यायला तयार आहे आणि आणखी काही घरं देतील, मी बोललो आहे.

गावागावांत आवाहन करावं. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा, सगळीकडे. कुणाच्या घरी बटण असेल, कुणाकडे पट्टा, कुणाकडे भिंतीतल्या कोनाड्यात कागद, कुणाला नुसती आजीने सांगितलेली गोष्ट. या गोष्टी आता शेवटच्या माणसांपाशी उरल्या आहेत. आमच्या वाड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई नव्वदी ओलांडून गेली आहे, तिच्या माहेरच्या घरातूनही एक शिपाई गेला होता असं ती सांगते. तिच्याकडे समितीचा कुणी माणूस आजवर गेलेला नाही. या महिन्यात जावं. माझ्याबरोबर यावं, मी घेऊन जातो.

पणजीच्या जुन्या बराकीवर एक साधा फलक लावावा अशी शिफारस समितीने सरकारला लेखी करावी. आणि शाळांच्या सहली नाणूसला आणतो तेव्हा मुलांना बंडाची सुरुवात कुठे झाली तेही सांगितलं जावं. हे काम आम्ही शिक्षक करू, आम्हाला फक्त अधिकृत मजकूर द्या.

जे शिपाई बंडात गेले नाहीत, पणजीत राहिले किंवा पोर्तुगिजांच्या बाजूने सत्तरीत आले, त्यांचाही शोध त्याच वह्यांमध्ये लागेल. त्यांची नावं शिळेवर नकोत, पण नोंद ठेवावी. त्यांचीही घरं आहेत, आणि त्या घरांना आपला माणूस कुठे होता हे जाणून घ्यायचा हक्क आहे. कुणाला त्यावरून टोमणे मारायला नव्हे. माझ्याच वाड्यावर असं एक घर आहे आणि आमचं जाणंयेणं आहे.

मी समितीच्या कामाचा विरोधक नाही. स्मारकासाठी लागणारे चिरे निवडायला मी स्वतः खाणीवर आलो होतो, हे आपल्यातल्या काहींना आठवत असेल. राण्यांच्या नावाला कुठेही कमीपणा यावा असा माझा हेतू नाही. दादा राणे यांनी या शिपायांना आसरा दिला, त्यांच्यासाठी आपलं घरदार पणाला लावलं. ज्यांना त्यांनी आपलं म्हटलं त्यांना त्यांच्याच स्मारकावरून वगळणं हे त्यांनाही रुचलं नसतं असं मला वाटतं.

पुढच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवावं आणि प्रत्येक मागणीवर होय की नाही ते लेखी कळवावं ही विनंती. बैठकीला बोलावलंत तर मी येईन, बटण आणि रुपया दोन्ही घेऊन येईन, आजोबांकडून वडिलांनी लिहून घेतलेलं दोन पानी टिपणही आणेन. त्यात सहा गावांची नावं आहेत. शोधाची सुरुवात तिथून करता येईल.

आपला नम्र,
सत्तरीतला एक निवृत्त शिक्षक